तळेगाव स्टेशन : एका रेल्वे स्थानकाचे आणि त्याच्या परिसराचे सामाजिक स्थित्यंतर

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे या गावाचा इतिहास सामान्यतः सेनापती दाभाडे घराण्यापासून सुरू होतो आणि १७७९ च्या वडगावच्या तहापाशी येऊन थांबतो. छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. त्यानंतर उमाबाई दाभाडे यांनी घराण्याचा कारभार सांभाळला. हा वृत्तान्त शालेय पुस्तकांपासून स्मरणिकांपर्यंत सर्वत्र आढळतो. त्यानंतरच्या सुमारे अडीचशे वर्षांबद्दल मात्र एखादा परिच्छेदही मिळणे कठीण. जणू पेशवाई संपली आणि गावाचा इतिहासही संपला.

वस्तुतः आजचे तळेगाव ज्या घटनेने घडले ती घटना रणांगणावरची नव्हे. १८५८ साली गावाबाहेर लोहमार्ग आला आणि त्यावर एक लहानसे स्थानक उभे राहिले. पुढे या स्थानकाभोवती जी वस्ती वाढली तिला लोक ‘तळेगाव स्टेशन’ म्हणू लागले आणि मूळ वस्ती ‘तळेगाव गाव’ झाली. ही दोन नावे आजही रोजच्या बोलण्यात स्वतंत्रपणे वापरली जातात. रिक्षावाल्याला ‘तळेगाव’ एवढेच सांगून चालत नाही. एकाच नगरपरिषदेच्या हद्दीतील या दोन तळेगावांमधील अंतर कसे निर्माण झाले आणि त्या अंतरात काय काय सामावले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

लोहमार्गापूर्वीचा रस्ता

तळेगावचे स्थान मुळातच वाटेवरचे आहे. बोरघाट चढून देशावर आलेला प्रवासी इंद्रायणीच्या खोऱ्याने कार्ला, वडगाव, तळेगाव असा पुण्याकडे उतरतो. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेले इंग्रज सैन्य याच वाटेने आले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट, म्हणजे मराठी परंपरेतील ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. ९ जानेवारीस सैन्य तळेगावी पोहोचले तेव्हा त्याला गाव उजाड आणि जाळलेले आढळले. पुढे पुणे अवघे दोन मजलांवर असताना, दाणागोटा तुटल्याने, त्याला मागे फिरावे लागले. ज्या तळ्यांवरून गावाला नाव मिळाले असे मानतात, त्यांपैकी एका तळ्यात अवजड तोफा लोटून देऊन ११ जानेवारीच्या रात्री त्याने माघार घेतली. वडगाव येथे ते वेढले गेले आणि तह करणे भाग पडले.

या प्रसंगाचा उल्लेख येथे पराक्रमासाठी केलेला नाही. सैन्याला जी वाट सोयीची वाटली तीच ऐंशी वर्षांनी रेल्वेच्या अभियंत्यांनाही सोयीची वाटली, एवढाच त्याचा अर्थ. मावळातील डोंगररांगांमुळे घाटमाथ्यावरून पुण्याकडे जाण्याचे सोपे पर्याय फारसे नाहीत.

१८५८ : गावाबाहेरचे स्थानक

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत मार्ग १८५६ मध्ये पोहोचला. घाटाचे काम मात्र अतिशय बिकट होते. म्हणून घाट तसाच ठेवून वरच्या बाजूस खंडाळा ते पुणे हा तुकडा आधी बांधण्यात आला व १४ जून १८५८ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. यानंतर सुमारे पाच वर्षे मुंबई–पुणे प्रवास तीन तुकड्यांत होत असे. खोपोलीपर्यंत आगगाडीने यावे, तेथून पालखी, तट्टू किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसावे, अशी ही व्यवस्था होती.

या पाच वर्षांत घाटात जे काम झाले त्याचा आवाका आकड्यांवरूनच कळतो. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार पंचवीस बोगदे खोदले गेले. काही ठिकाणी चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र होता. जानेवारी १८६१ मध्ये कामावरील मजुरांची संख्या बेचाळीस हजारांपर्यंत गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि तळेगाव एका बाजूस पुण्याशी व दुसऱ्या बाजूस थेट मुंबई बंदराशी जोडले गेले.

तथापि ही जोडणी गावाशी झाली नाही, गावाबाहेरच्या माळाशी झाली. लोहमार्गाला सपाटी हवी होती आणि वळणे कमी हवी होती. डोळसनाथाचे मंदिर, दाभाड्यांचे वाडे आणि बाजारपेठ असलेली जुनी वस्ती मार्गापासून मैलाहून काहीशी अधिक दूर राहिली. भारतातील शेकडो लहान गावांच्या बाबतीत असेच घडले आहे. त्यात तळेगावचे वैशिष्ट्य असे काही नाही. वैशिष्ट्य आहे ते पुढे त्या मधल्या माळाचा जो उपयोग झाला त्यात.

पहिली पन्नास वर्षे स्थानकाने गावात फारसा फरक घडवला नाही असेच म्हणावे लागते. मालगाड्या जात, डाकगाड्या जात, काही उतारू चढत-उतरत. खडकीस १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, पुण्याची छावणी वाढली. तळेगाव या दोहोंपासून दूर होते. रेल्वे आली की भरभराट होते हा समज, निदान येथे, तपासून पाहण्यासारखा आहे. स्थानक ही केवळ एक शक्यता असते. ती वापरणारा कोणी यावा लागतो.

पैसा फंड आणि काचेचा कारखाना

तळेगावच्या बाबतीत असे लोक स्वदेशी चळवळीतून आले. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एक कल्पना मांडली : प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनी प्रत्येकी एक पैसा दिला तरी हाती येणार पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे. या हिशेबावरून काळे यांच्या चिकाटीची कल्पना यावी. गावोगाव फिरून त्यांनी हा निधी जमवला. लोकमान्य टिळकांनी त्यामागे आपले वजन उभे केले, आणि १९०८ मध्ये या पैशांतून तळेगावी पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली.

कारखान्याचे तंत्र ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळले. संयुक्त प्रांतातील या तरुणाने जपान व अमेरिका येथे काचविद्येचे शिक्षण घेतले होते. उत्तरेकडचा तंत्रज्ञ, महाराष्ट्रातील शेतकरी, कारकून आणि दुकानदार यांचे पैसे, जपान-अमेरिकेतील शिक्षण आणि मावळातले गाव, असा हा योग होता.

या जागेच्या निवडीत स्थानकाचा वाटा समजून घेण्यासाठी काच कशी होते हे पाहावे लागते. वाळू, सोडा आणि चुना प्रखर उष्णतेत वितळवून काच तयार होते. भट्टी एकदा पेटवली की ती विझू देता येत नाही. थंड झालेल्या भट्टीतील काच गोठते आणि मुशी फुटतात. म्हणून कोळशाचा पुरवठा अखंड हवा. मावळात कोळसा नाही, सोडा नाही. हे सर्व वाघिणींतून येणार. तयार झालेले दिव्यांचे गोळे, चिमण्या, बाटल्या हा माल ठिसूळ. खडबडीत रस्त्यावर बैलगाडीतून तो जितका कमी अंतर नेला जाईल तितकी फूट कमी. अशा उद्योगाला पुण्यामुंबईच्या मधला, स्थानकालगतचा, स्वस्त आणि मोकळा माळ अनुकूल होता यात नवल नाही. ज्या लोहमार्गाने मँचेस्टरचे कापड आणि ऑस्ट्रिया-बेल्जियमची काच देशात आतवर पोहोचवली होती, त्याच लोहमार्गाचा आधार घेऊन परदेशी काचेला पर्याय उभा करण्याचा हा प्रयत्न होता. स्वदेशीच्या इतिहासलेखनात सभा, होळ्या आणि खटले यांना जेवढी जागा मिळते त्याच्या दशांशही या भट्टीला मिळालेली नाही.

कारखान्याचे खरे कार्य नफा कमावण्याचे नव्हते. तो प्रामुख्याने शिकण्याचा कारखाना होता. येथे तयार झालेले कारागीर आणि तंत्रज्ञ पुढे वेगवेगळ्या प्रांतांतील काच कारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना काढला. १९१४ च्या महायुद्धाने परदेशी काचेची आयात आटली तेव्हा देशात या विद्येची माणसे उपलब्ध होती, त्यात तळेगावचा वाटा मोठा होता. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना उभारला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला आणि कारखान्याभोवतीची वस्ती ‘ओगलेवाडी’ झाली. पुढील काळात ‘ईगल’ या नावाचे काचेच्या आस्तराचे थर्मासही तळेगावातच बनू लागले.

राष्ट्रीय शाळा आणि मोकळा माळ

काचेच्या भट्टीच्याच सुमारास तळेगावी दुसरा एक प्रयोग चालू होता. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय ही सरकारी अनुदानापासून दूर राहून, मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायांसह शिक्षण देऊ पाहणारी राष्ट्रीय शाळा होती. विजापूरकर हे ‘ग्रंथमाला’ व ‘विश्ववृत्त’ या नियतकालिकांचे संपादक. ‘विश्ववृत्ता’तील एका लेखाबद्दल त्यांना १९०८ मध्ये तुरुंगवास झाला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले. सुटकेनंतर विजापूरकरांनी त्याच गावी शिक्षणाचे काम पुन्हा हाती घेतले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले, पण ‘समर्थ’ हे नाव तळेगावच्या शिक्षणात टिकून राहिले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुणे शहरातून हिंगणे बुद्रुक येथे, म्हणजे आजच्या कर्वेनगर परिसरात हलवला. गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर माळावर एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात. तेथे ना रस्ता धड होता, ना लोहमार्ग. सनातन्यांच्या रोषापासून आणि प्लेगपासून दूर राहणे ही हिंगण्याची निकड होती. अंतर हेच त्या संस्थेचे संरक्षण होते. तळेगावच्या संस्थांना मात्र दूरही राहायचे होते आणि जोडलेलेही राहायचे होते. पुण्यातील पोलीसनजरेपासून थोडे लांब, पण दूरदूरचे विद्यार्थी, वर्गणीदार, नियतकालिके आणि कोळसा यांना सहज पोहोचता येईल अशी जागा त्यांना हवी होती. ती जागा गावात नव्हे, स्थानकाच्या वाटेवर मिळत होती. पोलीसही त्याच गाडीने येऊ शकत होते, हे १९१० मध्ये स्पष्ट झाले.

कोरड्या, निरोगी हवेची ख्यातीही याच काळातली. हवापालटासाठी येणारे मुंबईकर, निवृत्त अधिकारी यांचे बंगले स्थानकाजवळ उभे राहू लागले. आरोग्यधाम आणि रुग्णालय आले. याच मार्गावर पुढे कामशेत येथे, बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई स्थायिक झाले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी संपादित केले ते या मावळातल्या वास्तव्याच्या काळात. सर जदुनाथ सरकार त्यांना भेटायला येत ते याच लहानशा स्थानकावर उतरून. गोपाल नीलकंठ दांडेकर यांचे दीर्घ वास्तव्यही तळेगावचेच. मराठ्यांचा इतिहास आणि दुर्ग यांवर एवढे लेखन ज्या पट्ट्यात झाले त्या पट्ट्यातील स्थानकांचा इतिहास अलिखित राहावा, यात थोडा विरोधाभास आहे.

विजेची गाडी आणि रोजचा प्रवासी

१९२९–३० मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० पासून ‘दख्खनची राणी’ धावू लागली. तळेगावला मात्र तिचा उपयोग तिला जाताना पाहण्यापुरताच होता. मुंबई आणि पुणे यांमधील वेळ जसजसा कमी होत गेला तसतशी मधली स्थानके जलद गाड्यांच्या दृष्टीने अडथळा ठरत गेली.

गावाचे जीवन बदलले ते स्वातंत्र्यानंतर, आणि ते मुंबईमुळे नव्हे, पिंपरीमुळे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरला. देहूरोड, दापोडी, खडकी येथे लष्करी आस्थापना होत्याच. मावळातील शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदाच महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार येऊ लागला. पाळीच्या वेळा आणि गाडीच्या वेळा एकमेकींना जखडल्या गेल्या.

११ मार्च १९७८ रोजी पुणे–लोणावळा लोकल सेवा सुरू झाली. तिचे महत्त्व केवळ गाड्या वाढल्या एवढेच नाही. इंजिन जोडलेल्या गाडीला शेवटच्या स्थानकावर इंजिन पुढचे मागे न्यावे लागते. लोकलला दोन्ही टोकांस चालककक्ष असतो, म्हणून ती लगेच परत फिरते. तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी असल्याने ती थांबून पटकन वेग घेते, त्यामुळे बेगडेवाडी, घोरावाडी अशा जवळजवळच्या स्थानकांवर थांबणे तिला परवडते. सुमारे चौसष्ट किलोमीटरच्या या मार्गावर तळेगाव जवळपास मध्यावर आहे. काही लोकल पुण्याकडून येऊन तळेगावलाच संपतात आणि तेथूनच परत फिरतात. वेळापत्रकातील ही बाब किरकोळ वाटली तरी ‘येथवर शहर आले’ असे रेल्वेने केलेले ते अलिखित विधान होते.

मासिक पासाने पुढचे काम केले. पासधारकाला एका फेरीचा खर्च इतका थोडा पडतो की घर आणि काम यांत तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर ठेवणे मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबाला शक्य झाले. पुण्यात जागा न परवडणारा कारकून तळेगाव स्टेशनला जागा घेऊ लागला. पहाटेच्या गाडीला दुधाच्या किटल्या, नंतर पाळीचे कामगार, मग महाविद्यालयीन मुले-मुली आणि कचेरीतील नोकरदार, असा दिवसाचा क्रम ठरून गेला. ठरलेला डबा, ठरलेली जागा, डब्यातले भजन आणि सुटीच्या दिवसाआधी वाटला जाणारा खाऊ या गोष्टी लोकलच्या कोणत्याही प्रवाशाला सांगाव्या लागत नाहीत.

या बदलातील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे मुली. लोकलपूर्वी मावळातील मुलीला पुण्यात शिकायचे तर वसतिगृह किंवा नातेवाइकाचे घर लागे, आणि दोन्हींना घरातून संमती मिळणे अवघड असे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, सोबत गावातल्याच दहाजणी असतात, स्त्रियांचा डबा वेगळा आहे, या तीन साध्या गोष्टींनी ती संमती सुकर केली. शिवाजीनगरला, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याला उतरून बसने कोथरूड-कर्वेनगरकडे जाणाऱ्या विद्यार्थिनींच्या या वाटेला कर्व्यांच्या पायवाटेचा विस्तार म्हणता येईल. शिक्षणप्रसाराच्या अहवालांत शाळा-महाविद्यालयांची संख्या मोजली जाते. तेथे पोहोचवणाऱ्या गाडीची नोंद कोणी करत नाही.

दोन तळेगावे

विसाव्या शतकाच्या अखेरीस गाव आणि स्टेशन यांमधला माळ जवळपास भरून गेला. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या छप्पन हजारांच्या घरात होती. अंतर मिटले, पण भेद मिटला नाही. जत्रा, मानपान, भावकी आणि जमिनीचे वाद गावाकडे. सदनिका, खासगी शिकवण्या, बँका आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांची वस्ती स्टेशनकडे, अशी ढोबळ विभागणी राहिली. स्टेशनकडील अनेकांना सेनापती दाभाडे कोण हे माहीत नसते आणि गावाकडील नव्या पिढीला पैसा फंड माहीत नसतो. एकाच नगराचे दोन भूतकाळ एकमेकांना अनोळखी आहेत.

एकविसाव्या शतकाने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने वाहतूक रुळांवरून रस्त्याकडे खेचली. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटार कारखाना आला. आता पुणे-पिंपरीचे लोक कंपनीच्या बसने तळेगावकडे कामाला येऊ लागले आणि तळेगावचे लोक लोकलने उलट दिशेने जात राहिले. २०२० च्या अखेरीस त्या कारखान्यातील उत्पादन थांबले. २०२४ मध्ये त्याचे हस्तांतरण ह्युंदाईकडे पूर्ण झाले. या ये-जेत स्थानकाला फारसे स्थान नव्हते. शतकापूर्वीच्या काचेच्या भट्टीला स्थानकाशिवाय चालत नव्हते. नव्या कारखान्यांना महामार्गाचा फाटा पुरतो.

लोकलकडे झालेले दुर्लक्षही याच काळातले. दुपारी कित्येक तास गाडीच नसणे ही प्रवाशांची जुनी तक्रार आहे. तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आणि दोनच रुळांवर डाकगाड्या, मालगाड्या व लोकल यांची ओढाताण चालू राहिली. अशा ओढाताणीत माघार कोणाला घ्यावी लागते हे बाजूच्या रुळावर थांबून राहिलेल्या लोकलमधील प्रवाशास चांगले ठाऊक असते.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल बंद झाली. १९७८ नंतर प्रथमच तळेगावचे फलाट महिनोन्‌महिने रिकामे राहिले. ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. ज्यांच्यापाशी दुचाकी होती ते रस्त्याने गेले. दूध विकणारा, धुणीभांडी करणारी आणि रोजंदारीवरचा कामगार यांना पासाच्या दरात पुण्यास पोहोचवणारे दुसरे वाहन नव्हते.

तळेगाव स्टेशनच्या या इतिहासाची साधने दफ्तरखान्यात फारशी मिळणार नाहीत. ती कारखान्याच्या जुन्या हिशेबवह्यांत, शाळेच्या पटावर, स्थानकाच्या नोंदवह्यांत, जपून ठेवलेल्या पासांच्या कातडी पाकिटांत आणि चाळीस वर्षे एकाच डब्यातून प्रवास केलेल्या वृद्धांच्या आठवणीत आहेत. त्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम मावळातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एका वर्षात करता येईल. पिंपरीच्या पहिल्या पिढीचे कामगार आज ऐंशीच्या पुढे आहेत.